महाडचें चवदार तळें आणि ‘पूर्वापार’ वहिवाटीचा पुरावा

जुनीं दप्तरें चाळणाऱ्यास ‘पूर्वापार’ या शब्दाइतका परिचित शब्द दुसरा क्वचितच असेल. तंटा वतनाचा असो, शिवेचा असो, मानपानाचा असो, कीं देवळांतील पूजेच्या पाळीचा असो. वादी म्हणतो कीं आमची वहिवाट पूर्वापार चालत आली आहे, आणि प्रतिवादी तोच शब्द उच्चारून नेमकें त्याच्या उलट सांगतो. मग गोत बसतें, पांढरीचे लोक साक्षी देतात, महजर होतो, पाटील नांगराची निशाणी करितो. आणि त्या कागदावरून दोनतीनशें वर्षांमागील वस्तुस्थिति काय होती हें आम्ही ठरवूं पाहतों. ‘पूर्वापार’ हा शब्द कागदांत आला एवढ्यावरून ती गोष्ट खरोखरच पूर्वापार होती असें समजूं नये, हें या अभ्यासाचें पहिलें सूत्र होय. परंतु हें सूत्र वतनांच्या तंट्यांना लावतांना आम्ही जितके दक्ष असतों, तितके आपल्या समाजाच्या रूढींना लावतांना असतों काय, हा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा कस लागला असें एक प्रकरण विसाव्या शतकांत कोंकणांत घडलें. तत्कालीन कुलाबा, हल्लींच्या रायगड, जिल्ह्यांतील महाड गांवच्या चवदार तळ्याचें पाणी अस्पृश्य मानलेल्या लोकांनीं घ्यावें कीं नाहीं, या वादाला १९२७ सालीं तोंड लागलें, आणि त्याचा शेवटचा निवाडा मुंबईच्या हायकोर्टानें १९३७ सालीं केला. हें प्रकरण सामाजिक सुधारणेच्या इतिहासांत सर्वश्रुत आहे. त्याचें वर्णन पुन्हा करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. कायदेमंडळांतील ठराव, गांवोगांवच्या लोकांनीं भरविलेली परिषद आणि न्यायालयाचा निवाडा या तिहींचा एकमेकांशीं संबंध काय होता, आणि त्यांतून पुराव्याविषयीं आमच्यासारख्या कागद जमविणारांनीं काय शिकावें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

महाड हें सावित्री व गांधारी या नद्यांच्या संगमाजवळचें जुनें व्यापारी गांव. रायगडाच्या सान्निध्यामुळें शिवकालापासून त्याचें नांव कागदांत येतें. नाना फडणीस व निजाम यांच्यांतील १७९६ चा करार महाडचा करार म्हणूनच ओळखला जातो. आणि १८०२ च्या ऑक्टोबरांत यशवंतराव होळकरानें पुण्याजवळ पराभव केल्यावर दुसरा बाजीराव पळून महाडास आला होता. इतक्या घडामोडी पाहिलेल्या गांवांतील हें तळें मात्र कोणीं व केव्हां बांधलें, किंवा तें मुळांत बांधलेलें तरी आहे काय, याचा लेख न्यायालयापुढें आला नाहीं. तें अडीचशें वर्षांहून कमी जुनें नाहीं, इतकें उभय पक्षांस मान्य होतें. त्याचा विस्तार चार ते पांच एकरांचा. सभोंवार म्युनिसिपालिटीचे रस्ते, रस्त्यांपलीकडे बहुतेक सवर्ण हिंदूंचीं व थोडीं मुसलमानांचीं घरें. आणि पुष्कळ घरमालकांच्या मालकीच्या कांठच्या जमिनीच्या पट्ट्या व पायऱ्या. अस्पृश्यांचें घर त्या बाजूस एकही नव्हतें. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. निवाड्यांत तिला महत्त्व आलें आहे.

अस्पृश्यांचा महाडाशीं संबंध नव्हता असें मात्र नाहीं. आजूबाजूच्या खेड्यांतील महार मंडळी बाजारहाटासाठीं येत, आणि गांवकामगार या नात्यानें सरकारी वसूल व हुकूम यांच्या निमित्तानें त्यांना तालुक्याच्या कचेरींत यावेंच लागे. तहान लागली तर गांवाच्या मध्यवस्तीपासून दूर, त्यांच्या वस्तींतील एका विहिरीपर्यंत जावें लागे. येथें जुन्या कागदांच्या अभ्यासकास एक विसंगति खटकल्यावांचून राहात नाहीं. ज्या महाराच्या साक्षीवर गांवची शीव ठरे, ज्याला शिवेवरून चालावयास लावून दोन गांवांचे पिढीजात तंटे तोडले जात, त्याचा शब्द भूमीविषयीं प्रमाण मानला जाई. परंतु त्याच भूमींतल्या पाण्यावर त्याला हक्क नसे. महजरांत त्याचें नांव आहे, तळ्याच्या पायरीवर त्याचें पाऊल नाहीं.

महाडच्या आंदोलनाचीं मुळें त्या भागांत आधींच रुजलेलीं होतीं. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर हे सैन्यांतून निवृत्त झालेले गृहस्थ. जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर परिणाम झालेला होता. त्यांनीं अस्पृश्यतेविरुद्ध वृत्तपत्रांतून लेखन केलें, १८८८ च्या सुमारास ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली, आणि महार वगैरे जातींची सैन्यांतील भरती बंद झाली तेव्हां तीविरुद्ध अर्ज तयार करण्यांत पुढाकार घेतला. खुद्द फुल्यांनीं १८६८ सालीं पुण्यांत आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला होता. म्हणजे पाण्याचा प्रश्न हा १९२७ सालीं एकाएकीं कोणाला सुचला असें नव्हे. कोंकणपट्टींत पलटणींतून पेन्शन घेऊन परतलेल्या, लिहितांवाचतां येणाऱ्या, शिस्त माहीत असलेल्या माणसांची एक पिढी होऊन गेली होती; तिच्या वंशजांनीं पुढचें काम हातीं घेतलें. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर हे अशाच एका सुभेदाराचे पुत्र होते.

आतां ठरावांकडे वळूं. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत रावबहादूर सीताराम केशव बोले यांनीं मांडलेला ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशांतून बांधलेले व चालविलेले, किंवा सरकारनें नेमलेल्या अथवा कायद्यानें निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यांतील पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेंच सार्वजनिक शाळा, न्यायकचेऱ्या, दवाखाने इत्यादि ठिकाणें अस्पृश्य वर्गास वापरूं द्यावींत, असा त्याचा आशय होता. सरकारनें त्याच वर्षीं सप्टेंबरांत आपल्या खात्यांस तशा सूचना दिल्या. महाडच्या म्युनिसिपालिटीनें ५ जानेवारी १९२४ रोजीं ठराव करून, अस्पृश्यांनीं तळें वापरण्यास आपली हरकत नाहीं असें जाहीर केलें. पुढें १९२६ च्या ऑगस्टांत बोले यांनीं दुसरा ठराव आणिला, तो असा कीं ज्या स्थानिक संस्था पहिला ठराव अमलांत आणणार नाहींत त्यांस सरकारी मदत देऊं नये.

एखाद्या भावी संशोधकाच्या हातीं केवळ हे तीन कागद पडले तर तो काय लिहील? तो लिहील कीं १९२४ पासून महाडचें तळें सर्वांस खुलें झालें. हें विधान कागदाच्या दृष्टीनें निर्दोष आणि वस्तुस्थितीच्या दृष्टीनें सर्वस्वी चुकीचें ठरेल. तीन वर्षें तो ठराव दप्तरांत पडून राहिला आणि तळ्याचें पाणी एकाही अस्पृश्यानें घेतलें नाहीं. हुकूम निघाला म्हणून अंमल झाला असें मानण्याची चूक आम्ही पेशवाईंतील आज्ञापत्रांच्या बाबतींतही वारंवार करितों. हक्क कागदावर उमटणें आणि हक्काची वहिवाट पडणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्या दोहोंमधील अंतर कोणी तरी चालून जावें लागतें.

तें अंतर चालून जाण्याचें काम लोकांच्या परिषदेनें केलें. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद १९ व २० मार्च १९२७ रोजीं महाडास भरली. तिची पूर्वतयारी रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या स्थानिक तरुणांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केली. कार्यकर्ते खेडोपाडीं, डोंगरदऱ्यांतून पायीं हिंडून लोकांस निमंत्रण देत होते. म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे सवर्ण गृहस्थही या कार्यांत होते, हें येथें नमूद केलें पाहिजे. जमलेल्या माणसांच्या संख्येविषयीं मात्र एकवाक्यता नाहीं. आंबेडकरांच्या स्वतःच्या इंग्रजी लेखांत ती अडीच हजारांहून अधिक दिली आहे, तर धनंजय कीर यांच्या चरित्रांत दहा हजारांचा आंकडा येतो. अध्यक्षाच्या स्वतःच्या लेखणींतून कमी आणि चरित्रकाराच्या लेखणींतून अधिक, असा हा प्रकार असल्यामुळें आम्ही पहिल्या आंकड्याकडे कल ठेवितों.

या परिषदेसंबंधीं एक बारीकसा तपशील कीर यांनीं नोंदविला आहे, आणि आमच्या मतें साऱ्या प्रकरणांत त्याच्यासारखा बोलका पुरावा दुसरा नाहीं. परिषदेस आलेल्या लोकांच्या पिण्यासाठीं सवर्णांकडून चाळीस रुपयांचें पाणी विकत घ्यावें लागलें. तळें चार-पांच एकरांचें, म्युनिसिपालिटीचें, तीन वर्षांपूर्वीं ठरावानें खुलें झालेलें. आणि त्या गांवांत परिषदेच्या जमाखर्चांत पाण्याची रक्कम! इतिहासाचे अभ्यासक बखरीपेक्षां ताळेबंदावर अधिक विश्वास ठेवतात तो याचसाठीं.

पहिल्या दिवशींच्या भाषणांत आंबेडकरांनीं मेलेल्या जनावरांचें मांस खाणें सोडावें, शिळ्या तुकड्यांसाठीं हात पसरूं नये, मुलांस शिकवावें, शेतीकडे वळावें असा उपदेश केला. दुसऱ्या दिवशीं ठराव झाले. त्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करावें, विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें असावींत, सवर्णांनीं आपलीं मेलेलीं जनावरें आपणच पुरावींत इत्यादि मागण्या होत्या. म्हणजे ही परिषद केवळ तळ्यासाठीं नव्हती. एका समाजाच्या रोजच्या जगण्याचा तो विचार होता. समारोपाच्या वेळीं चित्रे यांनीं तळ्यावर जाण्याची सूचना केली, आणि सारी मंडळी चारचारांच्या रांगा करून बाजारपेठेतून शांतपणें तळ्यावर गेली. प्रथम आंबेडकरांनीं व नंतर इतरांनीं पाणी घेतलें. मिरवणूक जशी आली तशीच परतली.

पुढील प्रकार दुःखाचा आहे. दोनएक तासांत गांवांत अफवा उठली कीं, हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार आहेत. लाठ्या घेतलेला जमाव मंडपावर चालून गेला, जेवत असलेल्या व गांवीं परतणाऱ्या माणसांस मारहाण झाली, आणि कित्येकांनीं मुसलमानांच्या घरांत आश्रय घेतला. आंबेडकर त्या वेळीं डाक बंगल्यांत होते. त्यांच्या पक्षाचे लोक संख्येनें कमी नव्हते व त्यांत पलटणींतून आलेलेही होते. तथापि त्यांनीं आपल्या माणसांस प्रतिकार करूं दिला नाहीं. दंगेखोरांपैकीं पांच जणांस पुढें चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. तळ्याची ‘शुद्धि’ही लगोलग करण्यांत आली. एकशेंआठ घागरी पाणी काढून, त्यांत दहीं, दूध, शेण व गोमूत्र घालून, मंत्रोच्चारपूर्वक तें पुन्हा तळ्यांत ओतलें गेलें. जनावरें ज्या तळ्यावर पाणी पीत तें माणसाच्या ओंजळीनें बाटलें व गाईच्या शेणानें शुद्ध झालें, यावर टीका करण्याची आवश्यकता नाहीं.

यानंतर दोन्ही पक्षांकडून कागद निघूं लागले. ३ एप्रिल १९२७ रोजीं आंबेडकरांचें ‘बहिष्कृत भारत’ हें पाक्षिक सुरू झालें, आणि महाडचा लढा पुढें चालवावयाचा निर्धार त्यांतून प्रसिद्ध होऊं लागला. म्युनिसिपालिटीनें ४ ऑगस्ट १९२७ रोजीं १९२४ चा आपला ठराव मागें घेतला. बोले यांचा पहिला ठराव कौन्सिलांत मंजूर होऊन त्या दिवशीं बरोबर चार वर्षें झालीं होतीं. डिसेंबरांत सत्याग्रह होणार हें जाहीर होतांच १२ तारखेस सवर्णांतील कांहीं जणांनीं महाडच्या कोर्टांत दावा लावला. तळें आपल्या मालकीचें आहे, तें वापरण्याचा हक्क केवळ आपणांसच आहे, आणि प्रतिवादींस मनाई व्हावी, अशी त्यांची मागणी होती. १४ डिसेंबर रोजीं कोर्टानें तात्पुरता मनाईहुकूम दिला.

त्यामुळें २५ डिसेंबर रोजीं जी मोठी सत्याग्रह परिषद भरली तिच्यापुढें निराळाच प्रश्न उभा राहिला. आंबेडकर मुंबईहून बोटीनें निघून दासगांवच्या बंदरांत उतरले व तेथून महाडास आले. मंडपासाठीं सवर्णांपैकीं कोणी जागा देईना. ती फत्तेखान नांवाच्या मुसलमान गृहस्थानें दिली. सत्याग्रहासाठीं ३८८४ जणांनीं नांवें नोंदविलीं. परंतु मनाईहुकूम मोडणें म्हणजे सवर्णांशीं नव्हे तर सरकाराशीं व न्यायालयाशीं झगडा करणें, हें ओळखून सत्याग्रह तहकूब करण्यांत आला. लोक तळ्याभोंवतीं मिरवणूक काढून, पाण्यास स्पर्श न करितां परतले. मनाची तयारी करून आलेल्या हजारों माणसांनीं दाराशीं येऊन मागें फिरणें हें पहिल्या दिवसाच्या धैर्याहून कमी कठीण नव्हतें, असें आम्हांस वाटतें.

याच परिषदेंत २५ डिसेंबरच्या रात्रीं मनुस्मृतीचें दहन झालें. ठराव मांडणारे सहस्रबुद्धे हे जन्मानें ब्राह्मण होते. या घटनेविषयीं आमच्या वाचकांस काय वाटत असेल याची आम्हांस कल्पना आहे. वाळवीनें खाल्लेली पोथी वांचविण्यासाठीं जो महिनेच्या महिने खर्चितो, त्याला कोणताही ग्रंथ जळतांना पाहवत नाहीं. तथापि येथें विवेक केला पाहिजे. मनुस्मृति नष्ट व्हावी, तिच्या प्रति शिल्लक राहूं नयेत, असा तो प्रयत्न नव्हता, व तशी ती नष्ट झालीही नाहीं. तिच्या हस्तलिखितांचा व टीकांचा अभ्यास आजही अव्याहत चालू आहे. तो एका आज्ञेचा जाहीर अस्वीकार होता. ज्यांना तो ग्रंथ वाचण्याचा अधिकारच शतकानुशतकें नाकारला गेला, त्यांच्याकडून त्या ग्रंथाच्या जतनाची अपेक्षा करण्यापूर्वीं जतन करणारांनीं स्वतःस कांहीं प्रश्न विचारले पाहिजेत.

आतां दाव्याच्या निकालाकडे येऊं. कारण पुराव्याचा खरा विचार तेथें झाला. मनाईहुकूम १९२८ च्या फेब्रुवारींत उठला, परंतु मूळ दावा पुढें चालूच राहिला. महाडच्या न्यायाधीशानें ८ जून १९३१ रोजीं, ठाण्याच्या असिस्टंट जज्जानें ३० जानेवारी १९३३ रोजीं, आणि हायकोर्टांत न्यायमूर्ति ब्रूमफील्ड व न्यायमूर्ति वाडिया यांनीं १७ मार्च १९३७ रोजीं निकाल दिला. तिन्ही ठिकाणीं वादी हरले. यांतील ब्रूमफील्ड म्हणजे ज्यांनीं १९२२ सालीं अहमदाबादेस महात्मा गांधींवरील राजद्रोहाचा खटला चालविला तेच. हायकोर्टापर्यंत येतां येतां मालकीचा मुद्दा वादींनीं सोडून दिला होता, कारण तळें म्युनिसिपालिटीचें आहे असें खालच्या दोन्ही कोर्टांनीं ठरविलें होतें, आणि वादींनीं म्युनिसिपालिटीस दाव्यांत पक्षकारच केलेलें नव्हतें. राहिला मुद्दा रूढीचा.

तिन्ही निकाल वादींच्या विरुद्ध असले तरी त्यांचीं कारणें एक नव्हतीं, आणि संशोधकानें लक्ष द्यावें तें येथें. पहिल्या न्यायाधीशाचें म्हणणें असें कीं, अस्पृश्यांनीं तळें न वापरण्याची रूढि दीर्घकाळची आहे हें सिद्ध झालें. तथापि सार्वजनिक तळें एका वर्गानें वापरलें व दुसऱ्यानें वापरलें नाहीं, एवढ्यावरून पहिल्या वर्गास कायदेशीर हक्क प्राप्त होत नाहीं. ठाण्याच्या जज्जानें एक पाऊल पुढें टाकून म्हटलें कीं, ही रूढि अनादि काळापासूनची आहे हेंच मुळीं शाबीत झालेलें नाहीं. हायकोर्टानें हें दुसरें मत उचलून धरिलें.

त्यांतील विचारसरणी थोडक्यांत अशी. हयात माणसांच्या आठवणींत एखादी वहिवाट सारखी चालत आलेली दिसली, तर त्यापूर्वींही तीच असावी असें अनुमान न्यायालयें सामान्यतः करितात. परंतु हें अनुमान सर्वत्र सारखें बसत नाहीं. देवळाच्या बाबतींत प्रवेश कोणास द्यावा याविषयीं पूर्वींपासून नियमन असणें संभवतें. मोकळ्या आकाशाखालीं असलेल्या, बहुधा निसर्गतःच झालेल्या जलाशयाची गोष्ट निराळी. त्याच्याभोंवतीं सवर्णांची वस्ती होईपर्यंत तें पाणी केवळ आपल्यापुरतें राखून ठेवण्याचा प्रयत्न कोणी केला असेल असें मानण्यास आधार नाहीं. सारांश, घरें झालीं तेव्हां अडवणूक आली; आणि घरें केव्हां झालीं याचा पुरावा नाहीं, तर अडवणूक ‘पूर्वापार’ कशी म्हणावी? अनादि रूढि शाबीत झाली असती तर ती न्याय्य व सार्वजनिक हिताची आहे काय, हा पुढील प्रश्न विचारावा लागला असता. पण पहिलीच पायरी ढांसळल्यामुळें न्यायालयास तो प्रश्न सोडविण्याची गरज पडली नाहीं.

ही शेवटची मर्यादा ध्यानांत घेतली पाहिजे. हायकोर्टानें अस्पृश्यता अन्याय्य आहे असें येथें ठरविलें नाहीं. दावा मांडणारांपाशीं पुरावा नाहीं एवढेंच ठरविलें. कोणास हा निकाल तांत्रिक वाटेल. परंतु पुराव्याच्या शास्त्राचे उपासक म्हणून आम्हांस त्यांत मोठें तत्त्व दिसतें. ज्या शब्दानें पिढ्यान्‌पिढ्या लोकांचीं तोंडें बंद केलीं, तो शब्द साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभा केल्याबरोबर निराधार ठरला. महाडच्या लोकांनीं तळ्यावर पाऊल टाकलें नसतें तर त्या शब्दाची उलटतपासणी कधीं झालीच नसती. ठरावानें हक्क सांगितला, परिषदेनें तो बजावला, आणि बजावल्यामुळें न्यायालयास तो तपासावा लागला. या क्रमांतील मधला दुवा लोकांचा आहे, आणि तो काढून टाकला तर उरलेले दोन्ही कागद मुके होतात.

या प्रकरणाचा आणखी एक माग कागदांतूनच लागतो. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या भारतीय राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदांत, सर्वस्वी अथवा अंशतः सरकारी पैशांतून चालविलेल्या किंवा सर्व लोकांच्या उपयोगासाठीं दिलेल्या विहिरी, तळीं, स्नानघाट, रस्ते इत्यादींच्या वापरास जातीच्या कारणावरून कोणासही अडथळा असूं नये, असें सांगितलें आहे. हीं वाक्यें बोले यांच्या १९२३ च्या ठरावाशेजारीं ठेवून वाचलीं तर त्यांतील सादृश्य कोणाच्याही नजरेंत भरेल. तेराव्या अनुच्छेदांत ‘कायदा’ या शब्दाच्या व्याख्येंत रूढि व परिपाठ यांचाही समावेश करून, ते मूलभूत हक्कांशीं विसंगत असल्यास तेवढ्यापुरते निरर्थक ठरविले आहेत. आणि सतराव्यानें अस्पृश्यताच नष्ट केली आहे. हायकोर्टानें १९३७ सालीं जो प्रश्न सोडविण्याची गरज नाहीं म्हणून बाजूस ठेविला होता, त्याचें उत्तर अशा रीतीनें मिळालें. महाडच्या दाव्यांतील प्रतिवादी आणि घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष हे एकच गृहस्थ होते, हें सांगावयास नकोच.

शेवटीं आमच्या स्वतःच्या धंद्याविषयीं दोन शब्द. सनदा, महजर, निवाडपत्रें, शकावल्या यांच्या शोधांत महाराष्ट्रांतील संशोधकांनीं गांवेंच्या गांवें पालथीं घातलीं, आणि माळ्यावरचे रुमाल सोडविले. तें काम थोर आहे. परंतु ते रुमाल ज्यांच्या घरीं माळा होता त्यांचेच होते. ज्यांना वतनाची सनद नव्हती, ज्यांची साक्ष महजरांत निशाणीपुरती उरली, त्यांचे कागद आम्ही शोधले नाहींत. आणि सांपडले नाहींत म्हणून ते नव्हतेच असें धरून चाललों. महाडच्या वादींनींही हेंच केलें होतें. अस्पृश्यांनीं पाणी घेतल्याचा लेख नाहीं, म्हणून त्यांना हक्क नव्हता, असें ते म्हणत. कागदाचें मौन हा पुरावा नव्हे, हें न्यायालयानें त्यांस सांगितलें. तें आम्हींही ऐकावें.

लोकांनीं उभारलेल्या चळवळींचे कागद फार लौकर नाश पावतात. परिषदेचीं निमंत्रणपत्रें, हस्तपत्रकें, वर्गणीच्या पावत्या, स्वयंसेवकांच्या याद्या, मंडपाचा जमाखर्च, गांवकीच्या बैठकींचीं टिपणें, खटल्याच्या नकला. हे हातकागद नव्हेत, हलक्या गिरणीच्या कागदावर छापलेले किंवा पेन्सिलीनें लिहिलेले आहेत. शंभर वर्षांत त्यांचा भुगा होतो. तीनशें वर्षांची सनद अजून टिकून आहे, आणि आजोबांनीं जपून ठेवलेलें परिषदेचें पत्रक नातवाच्या हातांत तुटत आहे. महाराष्ट्र शासनानें १९७९ पासून डॉ. आंबेडकरांचें लेखन व भाषणें खंडशः प्रसिद्ध केल्यामुळें पुढाऱ्याचा शब्द सुरक्षित झाला आहे. परंतु चारचारांच्या रांगेंत चालत गेलेल्या माणसांचीं नांवें, त्यांचीं गांवें, त्यांनीं दिलेली वर्गणी, त्यांनीं परत गेल्यावर सोसलेला गांवचा जाच, हें सर्व अद्याप घरोघर, पेटींत आणि आठवणींत आहे. ज्यांच्या संग्रहीं असे कागद येतील त्यांनीं ते सामान्य समजून टाकूं नयेत. त्यांची यादी करावी, नकल घ्यावी, आणि कोणाच्या घरून मिळाले तें लिहून ठेवावें. ज्यांचे ते कागद आहेत त्यांचा अधिकार व मान राखून हें काम व्हावें, हें वेगळें सांगण्याची जरूर नसावी.

उद्यां कोणी तरी पुन्हा ‘पूर्वापार’ हा शब्द उच्चारील. त्या वेळीं तो तपासावयास लागणारे कागद महाराष्ट्राच्या दप्तरांत असले पाहिजेत.